हरळीची मुळी आणि विकतचा गालिचा

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागले की उरुळी कांचनच्या आगेमागे रोपवाटिकांची रांग सुरू होते. कुंड्या, आंब्याची कलमे, नारळाची रोपे, आणि कुठेतरी कडेला ओल्या गोणपाटाखाली एकावर एक रचलेल्या हिरव्या लाद्या. वर विणीसारखे दाट गवत, खाली बोटभर माती. नवा बंगला बांधलेले गिऱ्हाईक गाडीतून उतरते आणि ठरलेला प्रश्न विचारते, ‘कमी पाण्यावर येणारं लॉन आहे का?’ उत्तरही ठरलेले असते. ‘मेक्सिकन न्या साहेब, पाणी लागतच नाही.’

अजिबात पाणी न लागणारे गवत नसते, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. पण प्रश्न चुकीचा नाही. पुण्याला वर्षाकाठी सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने आकाश जवळपास कोरडे. सरकारने दुष्काळ जाहीर केला काय आणि न केला काय, अंगणातल्या गवताच्या वाट्याला तो दरवर्षी ठरल्या वेळी येतोच. तेव्हा देशावरच्या माणसाने हिरवळ लावायचीच ठरवली, तर तहान सोसणारी जात शोधणे हा साधा व्यवहार आहे. गोची पुढे आहे. जात योग्य निवडूनही पहिल्याच मे महिन्यात गालिचाचे तरट का होते?

आधी जातीचेच पाहू, कारण तिथे नावांचा भलताच गोंधळ आहे. मेक्सिकन, कोरियन, अमेरिकन ब्लू, सिलेक्शन वन ही बाजारातली नावे. त्यांचा त्या त्या देशांशी संबंध असेलच असे नाही आणि एका रोपवाटिकेतले मेक्सिकन शेजारच्या रोपवाटिकेत दुसऱ्याच नावाने भेटू शकते. नाव बाजूला ठेवून गवत हातात घेतले की मात्र दोनच मोठी घराणी समोर येतात. एक सायनोडॉनचे, म्हणजे आपल्या हरळीचे. सिलेक्शन वन त्यातलीच. दुसरे झॉयशियाचे, कोरियन म्हणून विकतात ते मऊ, उशीसारखे फुगणारे बारीक गवत या घराण्यातले. नाव जपानी वाटले तरी ते कार्ल फॉन झोइस या अठराव्या शतकातल्या युरोपीय वनस्पतिअभ्यासकावरून आले आहे.

हरळीची गंमत अशी की शहरातला माणूस पैसे मोजून जी आणतो, तिला खेड्यातला माणूस जन्मभर शिव्या देतो. उसात हरळी माजली की शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात. नांगरावी तर कांड्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवे रोप होऊन उठतो. चिवट माणसाला आपण ‘हरळीची मुळी’ म्हणतो ते उगाच नाही. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच आणि इंग्रजी जगात बर्म्युडा या नावाने गोल्फच्या मैदानांवर मिरवते तीही हीच. बर्म्युडा बेटांवर ती बाहेरूनच गेली.

तिच्या चिवटपणाची कारणे जमिनीखाली आहेत. वरून धावणारे फुटवे सगळ्यांना दिसतात. त्यांच्या जोडीला जमिनीखालून आडव्या जाणाऱ्या जाड, पांढरट कांड्या असतात आणि त्यांत अन्नाचा साठा असतो. मोकळी, खोल जमीन मिळाली तर तिची मुळे मीटरभर आणि त्याहूनही खाली जातात. पाणी अगदीच तुटले की ती पाने वाळवून टाकते आणि कांड्यांत जीव धरून झोपी जाते. शिवाय ज्वारी, बाजरी, ऊस यांच्याप्रमाणे तिची अन्न तयार करण्याची तऱ्हा कडक उन्हात पाणी जपून वापरणारी आहे. झॉयशियाही याच तऱ्हेची, पण ती संथ. हरळी एका पावसाळ्यात अंगण व्यापते तिथे झॉयशियाला दोन लागू शकतात. बदल्यात ती वारंवार कापावी लागत नाही आणि थोडी सावली चालवून घेते. हरळीला सावली मुळीच खपत नाही. दिवसाकाठी सहा-सात तास ऊन नसेल, आंब्याखाली किंवा दोन इमारतींच्या फटीत जागा असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

समुद्रकाठी निवड वेगळी. बोअरचे पाणी खारट लागत असेल, तर समुद्री पास्पालम हे गवत खारेपणा इतर बहुतेकांपेक्षा जास्त सोसते. आणि ज्याच्यापासून दूर राहावे ते म्हणजे ‘दुष्काळ सोसणारे’ म्हणून ऑनलाइन मिळणारे फेस्क्यू किंवा रायग्रासचे बियाणे. पाकिटावरचा फोटो खराच असतो, पण थंड मुलखातला. इथे ते हिवाळ्यात उगवते, मालक खूश होतो, आणि होळीनंतर ते निरोप घेते.

सुधारित हरळीची गोष्ट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन नावाच्या लहानशा गावात घडली. ग्लेन बर्टन हे तिथले पैदासकार. त्यांनी साधी हरळी आणि तिची आफ्रिकन बहीण यांच्या संकरातून टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ अशा जाती काढल्या. १९६० मध्ये आलेली टिफवे आज जगभरच्या मैदानांवर आहे. याच बर्टन यांनी टिफ्टनमध्ये बाजरीची टिफ्ट २३ए हा नर-वंध्य वाणही तयार केला होता आणि त्याच्यावरूनच १९६५ मध्ये भारतात एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी आली. म्हणजे गोल्फच्या हिरवळीचा आणि नगर-बीडच्या भाकरीचा कर्ता एकच. अलीकडची टिफटफ ही जातही जॉर्जिया विद्यापीठाचीच. टिफवेपेक्षा ३८ टक्के कमी पाण्यावर ती चांगली राहते, असा तिच्या प्रवर्तकांचा दावा आहे.

या संकरित जातींना रुजणारे बी धरत नाही. खेचराला पिल्लू होत नाही, तसेच. म्हणून त्या पाकिटात मिळत नाहीत. कांड्या टोचून लावाव्या लागतात, किंवा शेतात वाढवलेली हिरवळ मातीसकट सोलून लादी म्हणून आणावी लागते. गालिचाचा धंदा उभा राहिला त्याचे एक कारण हे. दुसरे कारण अर्थात घाई. वास्तुशांतीची तारीख गवतासाठी थांबत नाही.

आणि गोची इथेच आहे. लादी सोलताना यंत्राचे किंवा कुदळीचे पाते इंच-दोन इंच खालून फिरते. मीटरभर जाऊ शकणाऱ्या मुळांपैकी बहुतेक शेतातच राहतात. गिऱ्हाईक घरी आणते ती दुष्काळ सोसणाऱ्या जातीची पाने. दुष्काळ सोसणारी मुळे मागेच राहिली. ती नव्याने त्याच्या अंगणात व्हायची असतात.

अंगणाचा वाटा किती मोठा, ते अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एकदा लख्ख दिसले. सॅन अँटोनिओ शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला कोणते गवत दोन महिने पाण्याविना तगते ते हवे होते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधकांनी हरळी, झॉयशिया, बफेलो आणि सेंट ऑगस्टीन या चार घराण्यांच्या मिळून २५ जाती शेजारी शेजारी लावल्या. त्यांच्यावर एक सरकते छप्पर बसवले. पाऊस सुरू झाला की छप्पर आपोआप येऊन झाकायचे, थांबला की बाजूला व्हायचे. २००६ आणि २००७ च्या उन्हाळ्यांत या गवताला ६० दिवस थेंब मिळाला नाही. मग पुन्हा पाणी सुरू करून पुढचे ६० दिवस कोण उठते ते पाहिले.

जातींमध्ये फरक दिसला. काही हरळ्या जास्त दिवस हिरव्या राहिल्या, काही गवते लवकर करपली. पण खरी चपराक वेगळीच होती. संशोधकांनी वाफ्यांचे दोन भाग केले होते. एका भागात मूळची, खोल जमीन. दुसऱ्या भागात फक्त चार इंच माती, खाली मुळांना जायला वाट नाही. खोल जमिनीतली गवते पाणी मिळाल्यावर कमी-अधिक वेगाने उठली. चार इंचांवरच्या पंचवीसच्या पंचवीस जाती मेल्या. त्यांत दुष्काळासाठी नावाजलेल्याही होत्या.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हा प्रयोग रोज चालू आहे, छप्परही न लावता. खाली पार्किंग, वर स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि त्यावर मातीचा पातळ थर पसरून केलेली ‘पोडियम गार्डन’. तिथे जगातली कोणतीही जात लावा, तिची मुळे सिमेंटला टेकून परत फिरतात. अशा जागी दुष्काळ सोसणाऱ्या जातीसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे वाळवंटातल्या उंटाला बाथरूममध्ये बांधण्यासारखे आहे. वार्षिक सभेत लॉन पिवळे पडल्याबद्दल माळ्याला धारेवर धरणाऱ्यांनी एकदा खुरप्याने माती उकरून स्लॅब किती खाली आहे ते पाहावे.

बंगल्याच्या अंगणात स्लॅब नसतो, पण त्याचा भाऊ असतो. बांधकाम संपल्यावर उरलेले डबर, विटांचे तुकडे, वाळलेला माल आणि ट्रकांच्या चाकांनी दाबलेला मुरूम. त्यावर चार पाट्या लाल माती टाकून बागेचे कंत्राट घेणारा मोकळा होतो. लोखंडी सळई हाताच्या जोराने वीतभरही आत जात नसेल, तर मूळ तरी कसे जाणार? आधी हे डबर उचलावे, खालची जमीन टिकावाने फोडावी, मगच वर माती घ्यावी. मोकळ्या मातीची खोली सहा इंचांच्या खाली असू नये. नऊ ते बारा मिळाले तर उत्तम. काळ्या मातीचा प्रश्न निराळा. ती पाणी धरते, पण पावसाळ्यात फुगून चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. तिच्यात भरपूर कुजलेले खत आणि मोकळी करणारी भरड माती मिसळावी लागते. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. कच्च्या खतातून तणांचे बी येते आणि हुमणीही.

तणांसाठी एक जुनी युक्ती आहे, जी घाईत असलेला माणूस कधीच करत नाही. जमीन तयार करून, सपाट करून, नुसते पाणी द्यायचे आणि दोन-तीन आठवडे थांबायचे. जे उगवायचे ते उगवते. ते काढून पुन्हा पाणी. लव्हाळा म्हणजे नागरमोथा असेल तर गाठीसकट खणून काढायचा, कारण गालिचा अंथरल्यावर तो त्यातून सुईसारखा वर येतो आणि मग दोन्ही वेगळे करणे जन्माचे काम होते.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात देशावर रोज सहा-सात मिलिमीटरपर्यंत बाष्पीभवनाची ओढ असते आणि उष्ण हवेतल्या गवताची गरज साधारण तिच्या सहा दशांश धरतात. म्हणजे दिवसाला चार मिलिमीटर. हजार चौरस फूट हिरवळीला ते होतात रोज सुमारे ३७० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या १३५ लिटर माणशी या मापाने जवळजवळ तीन माणसांचे पाणी. दहा हजार लिटरचा टँकर सत्तावीस दिवसांत संपला. खोल मुळांची हरळी याच्या निम्म्यावर, थोडी फिकट होऊन, उन्हाळा काढू शकते. सगळी बचत आहे ती या निम्म्यात.

गवताचे पाणी हा महाराष्ट्रात नुसता बागकामाचा विषय राहिलेला नाही. मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पाच लाख लिटर घेऊन लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. मैदाने आणि खेळपट्ट्यांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याचाच तो वाद होता. अमेरिकेत हा वाद आणखी पुढे गेला आहे. तिथल्या हिरवळी मिळून सुमारे १.६ लाख चौरस किलोमीटर भरतात, असा अंदाज उपग्रहचित्रांच्या आधारे २००५ मध्ये मांडला गेला. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून मोठे अंगण. कोलोरॅडो नदी आटू लागल्यावर नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला: लास व्हेगास परिसरात रस्त्याकडेच्या, कार्यालयांपुढच्या शोभेच्या गवताला २०२६ संपल्यावर नदीचे पाणी नाही. घरांची अंगणे त्यातून वगळली.

हे सगळे तोलूनही हिरवळ हवीच असेल, तर ती लावायचा मुहूर्त दिवाळी नव्हे. ऑक्टोबरचे ऊन, मग थंडीत मंदावलेली वाढ आणि लगेच उन्हाळा. मुळांना वेळच मिळत नाही. देशावर पहिला चांगला पाऊस होऊन जमीन निवली की जूनअखेर ते जुलै हा काळ सर्वांत चांगला. पाणी आकाशातून येते आणि पुढे चार-पाच महिने मुळांना खाली जायला मिळतात. कोकणात मात्र मुसळधार पावसात ताज्या लाद्या वाहून जाऊ शकतात; तिथे जोर ओसरल्यावर.

लाद्या ज्या दिवशी सोलल्या त्याच दिवशी लावाव्यात. घेण्यापूर्वी ढिगाच्या मध्यात हात घालून पाहावा. गरम लागला तर आत गवत शिजू लागले आहे, परत फिरावे. एक लादी कोपऱ्याला धरून उचलून पाहावी. माती गळून तिचे दोन तुकडे झाले तर मुळांची वीण झालेलीच नाही. खालची मातीही निरखावी. चिकट काळ्या मातीतली लादी भरड लाल मातीवर अंथरली, तर पाणी वरच्या थरातच अडकते आणि मुळेही तिथेच रेंगाळतात. शक्यतो आपल्यासारख्या मातीतली घ्यावी.

अंथरताना सरळ कडेपासून, म्हणजे पायवाटेपासून किंवा भिंतीपासून सुरुवात. जमीन आधीच ओलावलेली, पण चिखल नको. गवंडी विटा रचतो तसे सांधे मोडत जायचे. चार कोपरे एकाच ठिकाणी आले की तिथून वाळायला सुरुवात होते. लाद्या एकमेकींना भिडवायच्या, ओढून ताणायच्या नाहीत, कारण ताणलेली लादी दोन दिवसांत आकसते आणि फट उघडी पडते. राहिलेल्या फटीत बारीक माती. गडी उकिडवा बसून, फळीवर वजन टाकत मागे मागे सरकतो, ताज्या गवतावर पाय देत नाही. मग हलका रोलर, म्हणजे खाली हवेची पोकळी राहत नाही. आणि शेवटची लादी बसायची वाट न पाहता, पहिल्या भागावर अर्ध्या तासाच्या आत पाणी. एक कोपरा उचलून पाहावा: लादीच्या खालची जमीनही चार बोटे भिजलेली हवी.

पहिले दोन आठवडे ही ‘कमी पाण्याची’ जात तान्ह्या बाळासारखी असते. पाऊस उघडला तर दिवसातून दोनदासुद्धा थोडे थोडे पाणी लागते. ते टाळून पहिल्याच दिवसापासून तिला काटक बनवायला जाणारे लोक असतात. त्यांची हिरवळ काटक होण्याआधी कडबा होते. दहा-बारा दिवसांनी कोपरा हलकेच ओढून पाहावा. सहज उचलला तर थांबावे. जमिनीने धरून ठेवला, खाली पांढरे तंतू दिसले, तर आता उलटे वळण लावायचे. रोजचे पाणी बंद. आधी दोन दिवसांआड, मग चार, मग आठवड्याने, पण देताना भरपूर, वीतभर खोल जाईल इतके. रोज संध्याकाळी नळी धरून पाच मिनिटे शिंपडणे ही आपल्याकडची सर्वांत लाडकी आणि सर्वांत घातक सवय. त्याने वरचे दोन इंच कायम ओले राहतात, मुळांना खाली जायचे कारण उरत नाही, आणि एखादा आठवडा घरचे गावाला गेले की सगळे करपते.

पाणी कधी द्यायचे ते गवतच सांगते. पाने दुमडून बारीक होतात, रंग निळसर-राखाडीकडे झुकतो आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे लगेच पुसले जात नाहीत. तोवर नळी गुंडाळून ठेवावी. कापणीचाही नियम आहे: एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. उन्हाळ्यात थोडे उंच ठेवावे, म्हणजे माती सावलीत राहते आणि मुळेही खोल राहतात. बिलियर्डच्या टेबलासारखे सपाट लॉन हे क्लबांचे काम. त्यांच्याकडे माणसेही असतात आणि पाणीही.

गालिचा परवडत नसेल किंवा घाई नसेल, तर हरळीच्या कांड्या वीत-वीत अंतरावर टोचणे ही जुनी रीत आजही सरस आहे. खर्च फार कमी आणि मुळे पहिल्या दिवसापासून आपल्याच मातीतली. जुने माळी कांड्यांचे बारीक तुकडे करून, शेण-मातीच्या काल्यात कालवून जमिनीवर लिंपतात, तेही पावसाळ्यात छान साधते. दोन-तीन महिने अंगण गबाळे दिसते, एवढाच दंड. प्लॅस्टिकच्या हिरवळीबद्दल मात्र लिहिण्यासारखे थोडेच आहे. पाणी लागत नाही हे खरे. मेच्या दुपारी ती ६० अंशांच्या वर तापते आणि अनवाणी पोरे तिच्यावरून किंचाळत पळतात, हेही खरे.

मे महिन्याच्या मध्यात खोल मुळांची, पाणी आवरून दिलेली हरळी तांबूस-तपकिरी पडते. शेजारी विचारतात, मेलं का हो? मालक अस्वस्थ होऊन टँकर मागवतो. ज्याचा धीर टिकतो तो वळवाची वाट पाहतो. एखाद्या संध्याकाळी तो कोसळतो आणि आठवड्याभरात तपकिरी जाळीखालून, कांड्यांच्या पेरांपेरांतून, हिरवी टोके वर येतात.

भाद्रपदात सकाळीच शेजारच्या आजी ताटली घेऊन फाटकाशी येतात. एवढे मोठे लॉन, दूर्वांना काय तोटा! पण यंत्राने छाटलेल्या गालिचात तीन पानांचा कोवळा कोंब कुठला मिळायला? आजी त्यावर एक नजर टाकतात आणि कुंपणाच्या कडेला, जिथे यंत्र पोचत नाही आणि कुणी काही लावलेलेही नाही, तिथे वाकून एकवीस निवडून घेतात.